उष्मांक पाकिटात, जवान उपाशी

महोदय,

सैनिकांच्या ‘रेडी टू ईट’ पाकिटांवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. पाकिटात उष्मांक किती, ते किती महिने टिकते, हे सगळे त्यात आले आहे. पाकीट फोडल्यावर त्यातले किती पोटात जाते, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. मी आर्मी सर्व्हिस कोरमध्ये राशन पोहोचवण्यातच नोकरी काढली, म्हणून हे पत्र.

१९८४ पासून आपले जवान सियाचीनवर बसले आहेत. तिथे अंडे हातोडीने फोडावे लागते, हे आता मोबाइलवर सगळ्यांनी पाहिले आहे. दिसत नाही ते वेगळेच. घासलेटच्या स्टोव्हवर बर्फ वितळवायचे आणि त्या पाण्यात राशनचा बंद डबा सोडायचा. बाहेरून पत्रा चटका देतो, आत मधला गोळा गारच. स्टोव्हच्या काजळीने थुंकीसुद्धा काळी पडते. त्यात एवढ्या उंचीवर भूक मरते ती वेगळी. डब्यावर राजमा लिहिलेले असो की छोले, झाकण उघडले की वास एकच. गडी दोन चमचे खातो आणि डबा बाजूला सारतो. मग कुणाच्या तरी पिशवीच्या तळातून घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघते आणि गढवाली असो की तमिळ, सगळ्यांची बोटे तिच्यात. हिशेबाच्या वहीत मात्र त्या दिवशी प्रत्येकाने पूर्ण राशन खाल्लेले असते!

कधीच उरले नाहीत ते शक्करपारे, म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांचे दांडगे भाऊबंद. गोठत नाहीत, शिजवावे लागत नाहीत, चढताना खिशात हात घातला की तोंडात. कारगिलला पोरांनी पाठीवर जेवणाऐवजी दारूगोळा वाढवून घेतला, तेव्हा अशाच सुक्या खाऊवर वेळ निभावली.

ताटात काय पडते याचा विचार झाला नाही की काय होते, ते कुतच्या वेढ्यात दिसले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ इंग्रजांच्या फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात तिथे अडकली होती, त्यात मराठा पलटणीही होत्या. शिधा संपत आला तेव्हा घोडे कापले गेले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बहुतेक हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडाला लावले नाही. गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती उपासापेक्षा मोठी ठरली. ताज्या मांसातले ‘क’ जीवनसत्त्वही मग मिळाले नाही आणि त्याच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीने त्यांना गाठले. उलट पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना ‘ब’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा बेरीबेरी हा रोग झाला. आपल्या लोकांना त्यातून कोंड्यासकट आट्याने वाचवले.

म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेला मी नावे ठेवत नाही. १९६१ मध्ये ती सुरू झाली आणि महिनोन्‌महिने टिकणारी चपाती, गरम करून लगेच खाता येणारी पाकिटे हे तिचेच काम. जुने डबे वाहिलेल्या माणसाला पाकिटाचे मोल सांगावे लागत नाही. खोट आहे ती कारकुनी हिशेबात. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात अतिउंचावरच्या राशनवर बोट ठेवले होते. ठरलेल्या वस्तूऐवजी दुसरी देताना वजन किंवा उष्मांक न पाहता किंमत जुळवली गेली. महाग पर्याय त्याच पैशात बसवायचा म्हटल्यावर तो चिमूटभरच येणार. यामुळे उष्मांकांत ८२ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे अहवालात नोंदले आहे.

२०२३ मध्ये लष्कराने ज्वारी, बाजरी, नाचणीचे पीठ राशनमध्ये परत आणले, तेही अर्धे शतक उलटल्यावर. तांदूळ-आट्याच्या हक्कापैकी २५ टक्क्यांपर्यंत ते घेता येईल, असे तेव्हा जाहीर झाले. खटाव-माणच्या पोरांना पलटणीत भाकरी मिळणार म्हणून आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत पेढे वाटले गेले. पण बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, थोड्याच दिवसांत कडू होते, हे आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल. मैदानातून दळून पाठवलेले पीठ ट्रकमधून, मग खेचरावरून पोस्टवर पोहोचेपर्यंत त्याची भाकरी कुत्रेही खाणार नाही. मग ‘जवानांना बाजरी आवडत नाही’ असा शेरा पडायचा आणि पुन्हा गहू.

तेव्हा धान्य अख्खे पाठवावे आणि जमेल तितक्या पुढच्या डेपोत चक्की बसवून दळावे. आणि दर पोस्टवरून न फोडलेली आणि अर्धवट टाकलेली पाकिटे किती, याची नोंद खाली मागवावी. राशन तपासायला येणाऱ्या साहेबांनी वजनकाट्याआधी लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, मागचा कचऱ्याचा खड्डा पाहावा.

— एक निवृत्त सुभेदार, ता. खटाव, जि. सातारा