आईने वाचलेले अंक

बंगळुरू, रविवार दुपार

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "माळ्यावरचे तुझे ते इंग्रजी अंक रद्दीवाल्याला देऊन टाकू का?" आणि मी ऑफिसच्या गडबडीत "द्या की, आता काय करायचेत" म्हणून मोकळी झाले. मग रात्री झोप लागेना. बिल्डरने महिन्याभरात जागा रिकामी करायला सांगितलंय, तुमची दोघांची आवराआवरीत दमछाक होतेय, त्यात आणखी एक खोकं सांभाळा म्हणून सांगणं बरं नाही, हे मला कळतं. तरी हे पत्र पोचेपर्यंत रद्दीवाला आला तर त्याला खोकं सोडून बाकी सगळं द्या. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात आणि मग मुद्दाच संपतो.

खोकं ओळखायला सोपं आहे. बाबांनीच सगळ्या अंकांना ब्राऊन पेपरची कव्हरं घातली होती आणि वर लेबलं लावली होती, "इंग्रजी मासिक, क्र. १", "क्र. २" अशी. कारण आजी. 'क्रॅश' या कॉम्प्युटर खेळांच्या मासिकाच्या मुखपृष्ठांवर ऑलिव्हर फ्रे नावाचा चित्रकार असे काही दात विचकणारे राक्षस आणि पीळदार उघडे वीर रंगवायचा, की आजीने स्पष्ट सांगितलं, देवघराच्या खोलीत हे चालणार नाही. आणि आपल्या घरात देवघराची, जेवणाची, अभ्यासाची आणि पाहुण्यांची खोली एकच होती.

मामा डिसेंबर १९८७ मध्ये इंग्लंडहून आला तेव्हा मी सातवीत होते. त्याने त्याच्या मुलाचा जुना झेडएक्स स्पेक्ट्रम आणला, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर, रबराच्या बटणांचा, ४८ के. मेमरीवाला. १९८२ साली तो निघाला तेव्हा तिकडे १७५ पौंडांना होता, असं मामाने जाताजाता सांगितलं आणि बाबांनी लगेच मनातल्या मनात रुपये केले. ते मला तोंडावरून कळलं. तेव्हा भारतातही 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' मिळायला लागला होता, पण त्याच्या किमतीची चौकशी करून बाबा गप्प बसले होते. मशीनच्या जोडीला मामाने तेरा मासिकं आणली, त्याच्या मुलाची वाचून झालेली. नऊ 'क्रॅश', चार 'सिंक्लेअर यूजर'. बाकीचे दहा, जास्त करून 'युअर सिंक्लेअर', बाबांनी फाउंटनच्या फुटपाथवरून घासाघीस करून आणलेले.

आपल्या टीव्हीवर मशीन लागेचना, आठवतं का? मशीन चित्र बाहेर टाकायचं ते यूएचएफ लहरींवर, आणि आपला चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट फक्त व्हीएचएफ पकडायचा. बाबांनी कोपऱ्यावरच्या टीव्हीवाल्याला बोलावलं. त्याने टीव्ही उघडला, तासभर नुसतं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सरळ आतल्या व्हिडिओ सर्किटला वायर जोडून दिली. रविवारी सकाळची मालिका संपेपर्यंत मात्र त्या टीव्हीला हात लावायची सोय नव्हती. आणि खेळ असायचे कॅसेटवर, लोड करायचे ते बाबांच्या टू-इन-वनवरून. पाच मिनिटं चर्र-चिर्र-चर्र. समोरच्या काकू एकदा विचारायला आल्या की मिक्सर बिघडलाय का. लोड नाही झालं तर बाबा बारीक स्क्रू ड्रायव्हरने टेपचं हेड इवलंसं फिरवायचे, कानाने अंदाज घेत, तंबोरा लावल्यासारखे.

आपल्याकडे खेळ होते सात. पण मला माहीत होते तीनेकशे. बाबा, तुम्ही लॉर्ड्सवर कधी गेला नाहीत, पण रेडिओ ऐकून तुम्हाला तिथली पॅव्हेलियनची बाजू कुठली ते ठाऊक होतं ना, तसंच. मी खेळ वाचायचे. 'क्रॅश'मध्ये एकेका खेळाबद्दल तीन-तीन जण मत द्यायचे, पुढे ग्राफिक्सला किती टक्के, आवाजाला किती टक्के, आणि सगळं मिळून नव्वदच्या वर गेलं की 'क्रॅश स्मॅश'. टक्केवारीचं मासिक, म्हणून आईला ते पहिल्यापासून पसंत होतं. हे मासिक फेब्रुवारी १९८४ मध्ये सुरू झालं ते लंडनमध्ये नव्हे, लडलो नावाच्या छोट्याशा गावात, आणि सुरुवातीला परीक्षणं लिहायला गावातल्या शाळेतली पोरं बसवलेली होती. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा वाटायचं कोणी मोठे तज्ज्ञ लिहितात. कळलं असतं तर मीही आपल्या शाळेतून अर्ज केला असता.

आणि रंग! आपल्या पडद्यावर सगळं राखाडी. 'मॅनिक मायनर' या खेळातल्या गुहा लाल-पिवळ्या-निळ्या असतात, हे मला मासिकातल्या फोटोंवरून कळलं. मी अंक मांडीवर उघडा ठेवून खेळायचे, एक डोळा पडद्यावर आणि एक रंगांवर.

वाचकांच्या पत्रांना लॉईड मँग्रम नावाचे गृहस्थ उत्तरं द्यायचे, तिरकस आणि मजेशीर. मी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, बाबांकडून परदेशी टपालाचे पैसेही घेतले होते. पत्र टाकायचं राहिलं. (पैशांचं काय केलं ते आता सांगायला हरकत नाही, शेवपुरी.) या नावाचा माणूसच नव्हता, संपादक मंडळी त्या टोपणनावाने लिहायची. पत्र अजून कुठल्या तरी अंकात असणार. सापडलं तर वाचू नका.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते यासाठी नाही.

या मासिकांच्या मागच्या पानांवर प्रोग्राम छापलेले असायचे. 'युअर सिंक्लेअर'मध्ये तर त्याचं वेगळं सदरच होतं, 'प्रोग्राम पिटस्टॉप'. वाचकांनी लिहिलेले, जसेच्या तसे बोटांनी उतरवून घ्यायचे. त्यातले मोठे प्रोग्राम म्हणजे 'डेटा' लिहून पुढे नुसते आकडे, ओळीच्या ओळी. एक आकडा चुकला की मशीन काळं पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि पडद्याच्या तळाशी कंपनीच्या नावाची ती एक ओळ. एकटीने पानाकडे बघत टाइप करताना ओळ हमखास सुटायची. मेच्या सुट्टीत, तिसऱ्यांदा सगळं उडाल्यावर मी रडायला लागले, आणि आई, तू उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला ठेवून म्हणालीस, "आण इकडे. मी सांगते, तू घाल."

तू इंग्रजी अंक मराठीत वाचायला लागलीस. "बासष्ट." मी 'बा' ऐकलं की दोन दाबायचे, मग सहा. झाले सव्वीस. "एकोणसाठ" म्हटलंस की माझं बोट साठच्या सहावर. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांनी तर माझा छळ मांडला होता. दोन पानं गेल्यावर तू थांबलीस, चष्मा काढलास आणि म्हणालीस, "हे असं नाही चालायचं. आता साठ दोन. पन्नास नऊ. सत्तर नऊ." त्यानंतर एकही चूक झाली नाही. चाळीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईने आपल्या स्वयंपाकघराच्या दारात बसून हा निर्णय घेतला. आणि २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' छापलं तेव्हा हीच बाई मला फोनवर पाऊण तास ऐकवत होती की मराठीची वाट लावली! मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. मूळ शोध तुझा आहे, ८८ सालचा, मी साक्षीदार आहे.

तुला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं असं तू अजूनही म्हणतेस. मग हे सांग. मी एकदा ३०७ घातलं तर तू पडद्याकडे बघून म्हणालीस, "असा आकडा येतच नाही. दोनशे पंचावन्नच्या वर यात काही जात नाही, बघ सगळी पानं." तुला कोणी सांगितलं नव्हतं, मेमरीच्या एका खान्यात २५५ पेक्षा मोठं काही मावत नाही ते. आणि दुसरं, तू म्हणायचीस, "दोनशे एक आला बघ, आता हा तुकडा संपला." तू चहा टाकायला उठायचीस. मला वाटायचं, आईची आपली समजूत.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला ८०८५ चिपच्या किटवर सरांनी शेवटची आज्ञा घालायला सांगितली, सी नऊ. हे सोळाच्या पटीतले आकडे, त्यात सी म्हणजे बारा. रिटर्न. म्हणजे जिथून या कामाला बोलावलं होतं तिथे परत जा. मी वहीच्या कोपऱ्यात सहज हिशेब केला. सोळा बारा एकशे ब्याण्णव, अधिक नऊ. दोनशे एक. स्पेक्ट्रमच्या चिपलाही परत जायचं ते याच आकड्याने. प्रॅक्टिकल सोडून मला पळत एसटीडी बूथवर जायचं होतं. गेले नाही, आणि मग तीस वर्षं सांगायचं राहूनच गेलं.

तो प्रोग्राम तीन संध्याकाळी चालला होता. मध्ये एकदा वीज गेली, पण बाबांनी दर पानाला टेपवर साठवून ठेवायचा दंडक घातला होता म्हणून वाचलो. शेवटी चालू केला तेव्हा पडद्यावर ठिपके पडायला लागले, वरून खाली, पावसासारखे. बस्स. तू म्हणालीस, "एवढंच?" बाबा म्हणाले, "मृग लागला." आणि मग आपण तिघंही ते बराच वेळ बघत बसलो होतो. आजीसुद्धा.

बाबा म्हणतील, हे सगळे अंक इंटरनेटवर फुकट आहेत, तूच सांगितलं होतंस. आहेत. प्रत्येक पान स्कॅन केलेलं आहे, 'युअर सिंक्लेअर'च्या सप्टेंबर १९९३ च्या शेवटच्या अंकापर्यंत. मी मध्येमध्ये वाचतेही. पण आपल्या एका अंकात, बहुतेक क्र. १७ किंवा १८, मागच्या पानांवर आकड्यांच्या प्रत्येक ओळीपुढे लाल पेनने बरोबरची खूण आहे, आणि पानाखाली आईच्या अक्षरात "तपासले", सही आणि तारीख ८/५/८८. सवयीने केली असशील. तो अंक मला हवाय. बाकीचे बाबांना ठेवावेसे वाटले तर ठेवा, नाही तर मी पुढच्या शनिवारी उद्यान एक्सप्रेसने येतेच आहे, तेव्हा बघू. तेवढे दिवस खोकं माळ्यावरून काढू नका, स्टुलावर चढू नका, दोघांपैकी कोणीही नाही. बाबा, हे तुम्हाला आहे.

टू-इन-वन मात्र द्या रद्दीत. त्याचं झाकण मी तोडलं होतं, आणि दोष मांजरावर गेला होता.

बाकी क्षेम. आईने गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतरच घ्याव्यात.

तुमची,
दोनशे एक