पूर्वप्रयोगातले बदल आणि प्रेक्षकांचा कौल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी संगीतिका शुभारंभाआधी, म्हणजे प्रिव्ह्यूच्या काळात, रोज थोडी थोडी बदलत असताना प्रेक्षकांनी त्या बदलांविषयी काय बोलावे आणि करणाऱ्यांनी त्यातले काय कानावर घ्यावे, एवढ्याच प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे. अलीकडे पहिल्याच प्रिव्ह्यूच्या रात्री निकाल लागतो, आणि एखादे गाणे गाळले किंवा शेवट बदलला की दुसऱ्या दिवशी त्यावर वाद पेटतो. या वादात मीही एकदा चुकीच्या बाजूला उभी होते, म्हणून लिहावेसे वाटले.

प्रिव्ह्यू ही रंगीत तालीम नव्हे, कारण समोर तिकीट काढून आलेला प्रेक्षक असतो. तो शुभारंभाचा प्रयोगही नव्हे, कारण नाटक अजून पक्के झालेले नसते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, हा काळ साधारण तीन-चार आठवड्यांचा असतो. दुपारी नट नवे संवाद आणि नव्या चाली बसवतात आणि संध्याकाळी पुष्कळदा जुनीच आवृत्ती सादर करतात, कारण नवा तुकडा वादकांच्या स्वरलिपीत, प्रकाशयोजनेत आणि नटांच्या हालचालीत पुरता बसेपर्यंत जुन्यावर भागवावे लागते. संगीतिकेत एक कडवे कापणे हे गद्य नाटकातले चार संवाद कापण्याइतके सोपे नसते. त्या कडव्याच्या आडोशाला कोणीतरी पोशाख बदलत असते, नेपथ्य सरकत असते, पुढच्या गाण्याची पट्टी त्यावर ठरलेली असते. शुभारंभाच्या काही दिवस आधी 'आता काहीही हलवायचे नाही' असे ठरते आणि त्यानंतर समीक्षकांना बोलावले जाते. पूर्वी ही सगळी उलथापालथ न्यूयॉर्कच्या बाहेर, न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट अशा शहरांत होत असे. १९४३ साली 'ओक्लाहोमा!' न्यू हेवनला रंगमंचावर आले तेव्हा त्याचे नावसुद्धा वेगळे होते. त्या शहरांतल्या प्रेक्षकांनी काय पाहिले हे न्यूयॉर्कला फारसे कळतही नसे. आज ते झाकलेले राहत नाही, हा मोठा फरक आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे न्यूयॉर्कला गेले असताना मी एक नवी संगीतिका प्रिव्ह्यूमध्ये अकरा दिवसांच्या अंतराने दोनदा पाहिली. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पूर्ण न झालेल्या कामाविषयी नाव घेऊन बोलू नये असेच मला पुढे म्हणायचे आहे. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे आईचे एक गाणे होते. मुलगा घर सोडून निघाला आहे, त्याची बॅग दाराशी ठेवलेली आहे आणि आई एकटीच गाते, असा प्रसंग. चाल सुरेख होती, गायिकेचा आवाज त्याहून सुरेख होता, आणि मला ते गाणे फार आवडले. पण दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कार्यक्रमपत्रिका अंधारातच चाळायला घेतली, मागे कोणी खोकले, मग आणखी कोणी खोकले, आणि नियमित नाटक पाहणाऱ्याला चटकन ओळखू येते ती खुर्च्यांची कुरकुर सुरू झाली. गाणे संपल्यावर टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

अकरा दिवसांनी ते गाणे नव्हते. त्याच्या जागी आई बॅगेतला सदरा बाहेर काढते, त्याची पुन्हा घडी घालते, तो परत ठेवते आणि बटण लावून दिले आहे, एवढेच मुलाला सांगते. साथीला एकच चेलो होता. सबंध प्रेक्षागृहात त्या वेळी कोणी हलले नाही.

तरीही मी हिरमुसले. मध्यंतरात शेजारचे गृहस्थ, तेही दुसऱ्यांदा आलेले, पत्नीला चिडून सांगत होते की नाटकातले सर्वांत चांगले गाणेच या लोकांनी काढून टाकले, आणि मी न राहवून त्यांच्याकडे पाहून मान हलवली. प्रयोग संपल्यावर परतताना मी मुलीपाशी तोच विषय काढला. तिने प्रयोग प्रथमच पाहिला होता. ती म्हणाली, "कोणतं गाणं? तिथे गाणं हवं होतं असं मला वाटलंच नाही. पण मला एक सांग, दुसऱ्या अंकात तो मुलगा म्हणतो की त्या रात्री तू गात होतीस ते मी जिन्यात उभा राहून ऐकलं. ती कधी गायली?"

तिचा प्रश्न ऐकून मी थांबलेच. ते वाक्य मीही ऐकले होते आणि मला त्यात काहीच खटकले नव्हते, कारण गाळलेले गाणे माझ्या डोक्यात चालूच होते. नाटकात खरे भगदाड जिथे पडले होते तिथे माझी आठवण ठिगळ लावून बसली होती, आणि जिथे काहीच उणे नव्हते तिथे मी उणीव शोधत होते. दुसऱ्यांदा येणारा प्रेक्षक जाणकार असतो असे आपण धरून चालतो, आणि तो अनेक बाबतींत असतोही, पण बदल जमला की नाही हे सांगण्याच्या कामी त्याची साक्ष कच्ची ठरते. त्या संध्याकाळी जे रंगमंचावर होते तेवढेच पाहणारा, आधीचे काहीही ठाऊक नसलेला माणूस या कामी अधिक भरवशाचा असतो. नाटक त्याच्यासाठीच घडवले जात असते.

दुसरी गोष्ट अशी की प्रेक्षक दुखणे बरोबर सांगतो, पण दुखण्याचे ठिकाण त्याला सांगता येतेच असे नाही, आणि औषध तर क्वचितच सांगता येते. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६२ सालचे आहे. 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम' हे प्रहसन शुभारंभाआधी वॉशिंग्टनला चालू असताना लोक हसतच नव्हते. विनोद चांगले होते, नट कसलेले होते, तरी प्रेक्षागृह थंड. सल्ल्यासाठी बोलावलेले दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी दोष विनोदांत नसून पहिल्या गाण्यात आहे असे सांगितले. ते हळुवार, प्रेमाचे गाणे होते, त्यामुळे प्रेक्षक वेगळ्याच नाटकाच्या तयारीने बसत होता. नाटकाचे गीतकार-संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांनी आज रात्री विनोद आहे असे उघड सांगणारे नवे सुरुवातीचे गाणे लिहिले, आणि जे विनोद आधी पडत होते तेच उठू लागले. त्या नाटकाचे पुढे ९६४ प्रयोग झाले. वॉशिंग्टनच्या प्रेक्षकांना कोणी विचारले असते तर त्यांनी मधले प्रवेश कापा, विनोद बदला असे सांगितले असते, असे मला वाटते. पहिल्या गाण्याकडे बोट कोणी दाखवले असते का, याची शंका आहे. त्यांचे न हसणे खरे होते, आणि रॉबिन्स यांनी तेवढेच प्रमाण मानले.

सॉन्डहाइम यांच्याच 'कंपनी' या १९७० सालच्या संगीतिकेचे शेवटचे गाणे बॉस्टनमधल्या प्रयोगांच्या काळात बदलले गेले. शेवटाला आधी असलेले गाणे फार कडवट होते, आणि एकटेपणाचा सूर तसाच लावून ठेवत नाटक संपत होते. त्याच्या जागी आलेले 'बीइंग अलाइव्ह' आज त्या नाटकाची ओळख आहे. आधीचे गाणे वाईट होते असे मुळीच नाही. ते पुढे स्वतंत्रपणे ऐकले गेले आणि आवडलेही. गाणे चांगले असणे आणि त्या जागी ते असावे लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गाळलेल्या गाण्याबद्दल हळहळणारे आपण नेमकी इथेच गल्लत करतो.

याचा अर्थ प्रिव्ह्यूमध्ये सगळेच दुरुस्त होते असा कोणी काढू नये. १९८१ साली 'मेरिली वुई रोल अलाँग'च्या प्रिव्ह्यूमध्ये गोष्ट उलट्या क्रमाने जात असल्याने कोण कोणाचे कोण हे लोकांना कळेना, काही जण मध्येच उठून जात. मूळ पोशाख बाजूला ठेवून पात्रांची ओळख छापलेले स्वेटशर्ट नटांना घातले, प्रमुख नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला, शुभारंभ पुढे ढकलला, आणि एवढे करून शुभारंभानंतर अवघ्या १६ प्रयोगांत नाटक बंद पडले. प्रेक्षकांची तक्रार खरीच होती, पण तिचे उत्तर शोधायला आठवडे नव्हे, वर्षे लागणार होती. नंतर वेळोवेळी सुधारलेली हीच संगीतिका पुन्हा ब्रॉडवेवर आली तेव्हा तिला २०२४ साली सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांना दिला जाणारा मानाचा पुरस्कार, मिळाला. १९८१ मध्ये उठून गेलेल्या प्रेक्षकाला म्हणून मी दोष देणार नाही. त्याला त्या रात्री जे दिसले त्यावर तो उठला, आणि तो त्याचा हक्क होता.

हक्काचा विषय निघालाच आहे तर निर्मात्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण सगळी शहाणपणाची अपेक्षा प्रेक्षकाकडूनच करणे न्यायाचे नाही. 'स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क'चा पहिला प्रिव्ह्यू २८ नोव्हेंबर २०१० रोजी झाला आणि शुभारंभ १४ जून २०११ रोजी. मध्ये १८२ प्रिव्ह्यू झाले. पहिल्याच रात्री यंत्रणा अडल्यामुळे प्रयोग अनेकदा थांबवावा लागला होता. शुभारंभाची तारीख सारखी पुढे जाऊ लागली तेव्हा फेब्रुवारी २०११ मध्ये मोठ्या वृत्तपत्रांच्या समीक्षकांनी वाट न पाहता परीक्षणे छापली, आणि त्यावरून पुष्कळ वादंग झाले. माझ्या मते समीक्षकांचे चुकले नाही. शेकड्यांनी प्रयोग होत असतील आणि रोज हजारो लोक पैसे मोजून येत असतील, तर 'हे अजून कच्चे आहे' ही ढाल कायम पुढे धरता येत नाही. कच्च्या कामाला सांभाळून घ्या असे प्रेक्षकाला सांगायचे असेल तर काम कच्चे आहे हे तिकीट घेतानाच ठळकपणे सांगावे, आणि कच्चेपणाची मुदत ठरवून ती पाळावी. मी पाहिलेल्या संगीतिकेच्या कार्यक्रमपत्रिकेत गाण्यांची यादी एका सुट्या कागदावर घातलेली होती आणि ती बदलू शकते असे खाली बारीक अक्षरात लिहिले होते. आसनावर बसल्यावर अंधुक उजेडात हे वाचायला मिळणे पुरेसे नाही.

प्रेक्षक म्हणून आपण काय करावे याविषयी माझा आग्रह साधा आहे. प्रिव्ह्यूविषयी बोलायचे असेल तर कोणत्या तारखेचा प्रयोग पाहिला ते सांगावे आणि त्या रात्री काय घडले ते लिहावे : कुठे लक्ष उडाले, कुठे गोष्ट कळेनाशी झाली, कुठे डोळे भरून आले. काय परत आणावे आणि काय कापावे याची यादी देण्याचा मोह आवरावा. आधीची आवृत्ती पाहिलेली असेल तर तसे प्रामाणिकपणे सांगावे, म्हणजे वाचणाऱ्याला त्या मताचे वजन करता येईल. आणि करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या गदारोळापेक्षा प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिल्यावर जे ऐकू येते त्यावर अधिक विसंबावे. टाळ्या शिष्टाचारानेही पडतात, गायिकेच्या आवाजासाठीही पडतात. खोकला मात्र कोणी शिष्टाचार म्हणून खोकत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. परदेशातल्या नव्या संगीतिकेविषयी आपल्याकडे मजकूर येतो तेव्हा लिहिणाऱ्याने प्रिव्ह्यू पाहिला की शुभारंभानंतरचा प्रयोग, आणि तो कोणत्या तारखेचा, हे मजकुराच्या सुरुवातीलाच छापावे. प्रिव्ह्यूवरचा मजकूर परीक्षण म्हणून न छापता अनुभव म्हणून छापावा, आणि शक्य असेल तेव्हा त्याच व्यक्तीला शुभारंभानंतर पुन्हा पाहून दुसरे टिपण लिहायला सांगावे. मी त्या संगीतिकेचा शुभारंभानंतरचा प्रयोग पाहू शकले नाही, तोवर परतीचा दिवस आला होता. जिन्यातले ते वाक्य शेवटी काढले की नाही, हे मला अजूनही जाणून घ्यायचे आहे.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक