‘मुंग्या’ म्हणजे काय, असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला संकोच वाटेल. इंग्रजीतलं कार्ड शेवटच्या दिवशी दिलंच होतं, पण त्यात खरं काही लिहिता आलं नाही. हे मराठीत लिहितेय, कारण इथे कॅनडातल्या ओंटारिओत आईवडिलांना घेऊन कॅन्सर सेंटरच्या खेपा घालणाऱ्या आपल्या माणसांनीही ते वाचावं.

आधी कबुली. त्या दिवशी तुम्ही दार उघडून आत आलात आणि ‘मी क्लिनिकल स्पेशालिस्ट रेडिएशन थेरपिस्ट’ म्हणालात, तेव्हा माझं तोंड उतरलं होतं. आपल्याकडे रेडिएशन देणाऱ्या या लोकांना टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात आणि माझ्या डोक्यात ते ‘मशीनवाले’ होते. आईचा स्तनाचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात उतरलेला, आणि तपासायला डॉक्टर नाहीत?

तुम्ही आईला विचारलंत, कुठे दुखतं? आई दोन मिनिटं बोलत होती. मी भाषांतर केलं: कंबर दुखते, रात्री जास्त. तुम्ही पेन खाली ठेवलंत. ‘त्या एवढं बोलल्या आणि तुम्ही एका वाक्यात संपवलंत. राहिलेलं काय होतं?’ राहिलं होतं ते असं, की कमरेत ठणका आहे, पण डाव्या पायाला मुंग्या येतात आणि चप्पल निसटते. म्हातारपणाचं रडगाणं म्हणून मी ते गाळलं होतं. तुम्ही ‘मुंग्या’चा अर्थ विचारलात, आईच्या पायाची ताकद स्वतः तपासलीत, उठून डॉक्टरांना गाठलंत. त्याच दिवशी एमआरआय झाला. मज्जारज्जू सुरक्षित होता, पण एक नस दबली होती.

रेडिएशन एकाच दिवशी ८ ग्रे (हे त्याच्या मात्रेचं माप) द्यायचं की पाच दिवसांत २० ग्रे, हेही तुम्हीच उलगडून सांगितलंत. नुसतं हाड दुखत असेल तर दोन्हींचा आराम सारखाच, फक्त एकदाच दिलं तर पुढे परत द्यावं लागण्याची शक्यता जास्त. इथे नस दबलेली, म्हणून तुमचा कल पाच दिवसांकडे होता. स्कॅनवर रेडिएशनचा शेक कुठे द्यायचा ते तुम्ही आखलंत, डॉक्टरांनी तपासून सही केली. हे काम थेरपिस्टच्या हाती देण्याचा प्रयोग ओंटारिओत २००४ मध्ये सुरू झाला, असं मागाहून वाचलं. मला वाटत होतं, डॉक्टरांना वेळ नाही म्हणून आम्हाला तुमच्या गळ्यात मारलंय. कितीतरी वर्षं मशीनवर माणसं झोपवून, उठवून मग या कामाकडे आलेलं माणूस आपल्या वाट्याला आलंय, हे मला कुठे ठाऊक!

शेकाच्या जागेच्या खुणेसाठी तुम्ही तीन ठिपके गोंदलेत, तेव्हा आई म्हणाली होती, ‘आमच्या आजीच्या कपाळावर केवढं छान गोंदण होतं, इथे मात्र फारच कंजूषपणा.’ मी हे भाषांतर केलं नव्हतं. आता करते.

दुसऱ्या रात्री ठणका वाढला. मी घाबरले, आई मात्र शांत. तुम्ही आधीच बजावलं होतं की पहिल्या काही दिवसांत दुखणं थोडं उसळी मारतं, त्यासाठीच डॉक्टरांनी डेक्सामेथासोनच्या, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्यात, आणि खरा आराम पडायला काही आठवडे लागतील. ‘त्या पोरीनं सांगितलंय ना,’ एवढंच ती म्हणाली आणि कुशीवर वळली. सकाळी मी फोन केला तर तुम्ही स्वतःच घेतलात, दहा मिनिटं बोललात, आणि त्यात एकदाही मला मूर्ख वाटू दिलं नाहीत.

चौथ्या आठवड्यात आई ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. तीनच थापल्या, मग बसली.

परवा तुमचा चौकशीचा फोन आला तेव्हा ‘मुन्ग्या?’ असं तुम्ही मराठीत विचारलंत. आईनं माझ्या हातातून फोन हिसकावला आणि थेट तुम्हालाच हिशेब दिला: अंगठ्यात आहेत अजून, बाकी गेल्या. यावेळी भाषांतराला मला कुणी विचारलंच नाही.

तुमची,
गाळून भाषांतर करणारी मुलगी