आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : बाळाच्या कार्डावर व्हिटॅमिन के चा रकाना हवाय

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी ड्रॉप्सची बाटली आणली, पुढे ठळक अक्षरात मजबूत हाडं, भरभर उंची आणि मागे डोळे बारीक करून वाचावं लागेल असं व्हिटॅमिन के२, म्हणजे व्हिटॅमिन के चाच एक प्रकार. डॉक्टरांना दाखवली तर म्हणाले, पोरगी नीट जेवते, पालेभाजी खाते, मग हे कशाला?

म्हणून थोडं वाचलं. हाडात ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रोटीन असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि व्हिटॅमिन के शिवाय ते कामाला लागत नाही, इथपर्यंत सगळं खरंय. पण धडधाकट मुलाला वरून के दिलं की हाडं आणखी मजबूत होतात हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, उंचीचं तर सोडाच. अमेरिकेतल्या प्रमाणाप्रमाणे ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, अर्धी वाटी शिजवलेल्या पालकात त्याच्या कितीतरी पट असतं.

खरी गरज आहे ती नुकत्याच जन्मलेल्या बाळाला. पोटात असताना आईकडून के फार कमी मिळतं, आईच्या दुधातही कमीच, म्हणून जन्मल्यावर लगेच मांडीत १ मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन. ते राहिलं तर वरून अगदी छान दिसणाऱ्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तोही कधीकधी दोन-तीन महिन्यांनी, घरी सगळे निर्धास्त असताना. के रक्त गोठायला लागतं हे शोधणाऱ्यांना १९४३ चं नोबेल मिळालंय हो, ही काही नवी गोष्ट नाही! लिव्हरचा किंवा सीलिॲकसारखा आतड्याचा आजार असलेल्या मुलांच्या अंगीही के लागत नाही कारण ते फॅटबरोबरच शोषलं जातं आणि त्यांना फॅटच पचत नाही, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावंच लागतं, पण त्यांच्यासाठी कोणी जाहिरात करत नाही.

माझ्या मुलीच्या जन्माच्या कार्डावर प्रत्येक लसीची तारीख आहे पण व्हिटॅमिन के चा रकानाच नाही, तिला ते मिळालं का हे मला आजही सांगता येत नाही.

दोनच गोष्टी करा. प्रत्येक बाळाच्या कार्डावर व्हिटॅमिन के ची तारीख, डोस आणि सही सक्तीची करा. आणि पुरावा नसेल तर ड्रॉप्सवर उंची, हाडं असलं काही छापू देऊ नका, उलट वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका हे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात टाकायला लावा.

कार्डाचा फोटो सोबत जोडतेय.

आपली,
एक आई