दसऱ्यानंतर निघू

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मॉरिशसला जाऊ म्हटलं तर फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणालात, म्हणजे नाहीच, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून पत्र. फोन तुम्ही मध्येच ठेवता, पत्र निदान शेवटपर्यंत वाचता.

समुद्रच बघायचा तर दापोली काय वाईट, कबूल. पण मॉरिशसला 1834 ते 1920 या काळात आपल्या देशातले जवळपास पाच लाख मजूर करारावर गेले, उसाच्या मळ्यांत राबायला. राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, तिथल्या दगडी पायऱ्या चढून ही माणसं आत गेली. त्यांत आपली मराठीही होती. सांगलीत ऊसतोडीच्या टोळ्या बघत आयुष्य गेलेल्या माणसाने तो घाट बघायलाच हवा. आज त्यांच्या खापरपणतवंडांच्या घरी गणपती बसतो, बोलतात मात्र क्रिओल, फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी, तशीच ईदला आणि चिनी नववर्षालाही.

आई, मग चतुर्थीलाच जाऊ म्हणशील. पण इकडे चतुर्थीच्या आधी गुपचूप चोर गणपती बसला की बाबा गावाची वेस ओलांडत नाहीत. महाशिवरात्रीला तिकडचे लोक गंगा तलावापर्यंत चालत जातात, तेही बघावंसं वाटतं. पण नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे वादळांचे दिवस. 2019 चा पूर सोसलेल्या घराने मुद्दाम पाण्याच्या वाटेला जाऊ नये. त्यामुळे ऑक्टोबर, दसरा झाला की. मुंबईहून विमानाने साधारण सहा तास. तिकडचं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे आईच्या चारच्या चहाला तिथे अडीचच वाजलेले असणार. तेवढं सांभाळू.

खाण्याचे हाल होतील, हे बाबांचं ठरलेलं. तिथे रस्त्यावर ‘ढोल पुरी’ मिळते. नाव आपल्या डाळपुरीचंच, जीभ तिकडची झाली. पिवळ्या डाळीचं सारण, गूळ नाही, वर घेवड्याची उसळ आणि चटणी. त्यात हळद असते बाबा. चाळीस वर्षं अडतीवर काढलीत, रंगावरून माल कुठला ते तुम्हीच सांगा.

आता एकच काम, पासपोर्टचं. आई, तुझी जन्मतारीख आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी आहे, ती आधी एक करून घ्यावी लागेल. रविवारी मी येतेच आहे, कागद काढून ठेव. आणि बाबा, पासपोर्टसाठी फोटो काढताना टोपी काढायची. मागच्या वेळी स्टुडिओतून भांडून परत आला होतात.

तुमची,
छबी