क्रॅक मारणारे फक्त आम्हीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. पहिला संगणक घेतला तेव्हा जोडून देणाऱ्या पोराने खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "आधी अँटीव्हायरस बंद करा, मग क्रॅक मारतो. पैसे कशाला घालवताय?" क्रॅक म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून सॉफ्टवेअर फुकट चालवायची युक्ती. बिलात सॉफ्टवेअरची ओळच नव्हती. तेव्हा मला ते खटकलंही नाही, खोटं कशाला बोलू.

कायदा तसा कडक आहे. 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 63-बी आलं. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर किमान 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. आमच्या बाजारात या कलमाखाली कुणी आत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. धाड येणार अशी आवई उठते, दोन दिवस शटर अर्धी खाली राहतात, मग कुठेतरी 'मिटतं'.

गेल्या महिन्यात उताऱ्यासाठी एका सरकारी कार्यालयात रांगेत होतो. खिडकीतून साहेबांचा स्क्रीन दिसत होता. उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं : 'ॲक्टिव्हेट विंडोज', म्हणजे विंडोजचा परवाना चालू केलेला नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती अक्षरं दुरूनही ओळखू येतात. मला हसू आलं. साहेबांना वाटलं, मी त्यांच्या कन्नडला हसतोय!

लोक गरीब म्हणून चोरी करतात, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या 'बीएसए' या संघटनेच्या पाहणीत 2017 साली विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण भारतात 56 टक्के, दक्षिण आफ्रिकेत 32 आणि आपल्यापेक्षा श्रीमंत असलेल्या चीनमध्ये 66 टक्के होतं. आकडे कंपन्यांच्या सोयीचे असतील, पण नुसत्या खिशावरून हा फरक उलगडत नाही. दाद मागितली तर निकाल लागेल का, अधिकारी पैसे खाईल का, सरकार स्वतः नियम पाळतं का, हे बघूनच माणूस खरेदी करतो.

सीमाभागातल्या मराठी माणसाने कर्नाटक सरकारचं कौतुक केलं म्हणून भुवया उंचावू नका, पण 'नुडी' बघा. कन्नड टाइपिंगचं हे सॉफ्टवेअर कन्नड गणक परिषदेने तयार केलं, सरकारने ते फुकट वाटलं. नुडीला क्रॅक मारून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही. केरळने तर सरकारी शाळांचे संगणक फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर नेले, तिथल्या मास्तरांना पेनड्राइव्हवाला पोरगा शोधावा लागत नाही.

जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांत किती संगणकांवर परवान्याचं सॉफ्टवेअर आहे, हे प्रशासनाने एकदा जाहीर करावं. माझ्या दोन्ही संगणकांची बिलं मी दाखवायला तयार आहे. त्यातलं एक मात्र गेल्याच वर्षीचं आहे.

आपला,
एक डीटीपीवाला, शहापूर, बेळगाव