स्वेटर नको, कानटोपी वीण

चोपडा,
मार्गशीर्ष

प्रिय शोभे,

आधी ते स्वेटरचं खूळ डोक्यातून काढ. दादांना फुल बाह्यांचा, काकूंना पुढून बटणांचा, आणि दोन्ही संक्रांतीला येताना तयार! शाळेतल्या शिवणाच्या तासानंतर सुया हातात धरल्या नाहीत, हे तूच लिहितेस. असे अर्धवट स्वेटर इथे घरोघरी आहेत. पाठ झालेली असते, एक बाही होते, आणि मग सगळं सुयांसकट पिशवीत भरून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात जातं. ते पुन्हा खाली येतं ते कोणाला बाळ झालं, की उसवून झबल्यासाठी. फोनवरच सांगितलं असतं, पण टाक्यांचे आकडे फोनवर ऐकून तू लिहून घेणार नाहीस, म्हणून हे पत्र.

आणि आपल्याकडे स्वेटर अंगावर राहतो तरी किती वेळ? सातपुड्यावरून वारं उतरलं की पहाटे पारा आठ-दहावर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. अकरा वाजले की ऊन असं चटकतं की स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो. गार पडतात ते कान, मान आणि मनगटं, तेही रात्री आणि सकाळी. तेव्हा चढवायला सोपं आणि काढून खिशात कोंबता येईल असंच काहीतरी आपल्या थंडीला पाहिजे. कानटोपी, गळ्यातला गोल मफलर, बोटं उघडी राहतील असे हातमोजे. जाड लोकर, जाड सुया. रोज टीव्हीसमोर बसून तुझी ही तिन्ही कामं संक्रांतीच्या आधी सहज उरकतील.

दादांना सध्या रात्रीची लाईट आहे. मोटार चालू करायला मध्यरात्री मळ्यात जावं लागतं. केळीला थंडीत रात्रीचं पाणी तसंही द्यावंच लागतं. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, म्हणून रात्री पाणी सोडायचं आणि पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. घडांना स्कर्टिंग बॅगा, म्हणजे घड झाकायच्या पिशव्या, घातल्यात हो त्यांनी, एकूण एक घडाला. स्वतःच्या कानांना मात्र तोच विरलेला रुमाल. काकू सकाळी ओट्यावर उन्हाची वाट बघत बसलेल्या असतात. परवा गेले तर हात बाह्यांत ओढून घेतलेले, मला बघून म्हणाल्या, ‘थंडी भलती पडी ऱ्हायनी व माय.’ तेव्हा तू काय आणायचंस ते मी तिथेच ठरवून टाकलं.

जाड लोकरीनं काम इतकं भराभर का होतं, त्याचा हिशोब बघ. आपल्या आया ज्या आठ नंबरच्या सुईवर विणायच्या ती 4 मिलिमीटरची. त्या सुईवर नेहमीच्या लोकरीचे चार इंचांत साधारण 22 टाके आणि 28 ओळी बसतात. म्हणजे चार इंचांच्या चौकोनाला सहाशेच्या वर टाके. तोच चौकोन 10 मिलिमीटरच्या सुईवर जाड लोकरीनं केलास तर नऊ टाके आणि बारा ओळी, एकूण 108. काम तिथेच जवळजवळ सहापटीनं कमी झालं. सुई मागताना मिलिमीटरच सांग. जुन्या हिशोबात नंबर वाढला की सुई बारीक होते, दहा नंबर मागितलीस तर दुकानदार सव्वातीन मिलिमीटरची हातात ठेवेल. ॲल्युमिनियमच्या एवढ्या जाड सुया मनगटाला जड होतात. प्लास्टिकच्या किंवा बांबूच्या घे.

लोकर तिकडेच घे. इथे जळगावला गेलं तरी बहुतेक दुकानांत बारीक लोकरच जास्त, वर्धमान नाहीतर ओसवालची, लुधियानाहून आलेली. जाड मिळालीच नाही तर जाडी जुळेल एवढे पदर एकत्र धरून वीण, तेही चांगलं दिसतं, आणि एक पदर करडा, एक मरून घेतलास तर मिसळीचा रंग फार छान उठतो. फक्त दर वेळी सुई सगळ्या पदरांतून गेली का ते बघत जा. एखादा पदर सुटला की तिथे फासा लोंबतो आणि नेमका तोच मोटारसायकलच्या हँडलला अडकतो.

एका बाबतीत मात्र मी हट्ट धरणार आहे. दादांच्या वस्तू ॲक्रिलिकच्या नकोत. ॲक्रिलिक स्वस्त असतं, मऊ असतं, मशीनमध्ये धुता येतं, सगळं खरं. पण दादा पहाटे शेकोटीला आणि त्या धुराच्या ढिगांपाशी बसणार. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही, पेटली तरी ज्योत बाजूला गेली की बहुधा विझते. लेबलावर विश्वास बसत नसेल तर बोटभर धागा तोडून चिमट्यात धर आणि काडी लाव. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येईल आणि राख चिमटीत चुरेल. ॲक्रिलिक असेल तर वितळून काळा टणक मणी होईल. गरम आहे तोवर त्याला हात लावू नकोस. काकू काही शेकोटीला बसत नाहीत, चूलही घरात राहिली नाही, त्यांना ॲक्रिलिक चालेल. उलट बरंच, कारण सूनबाई सगळं एकाच मशीनमध्ये टाकते आणि खरी लोकर तिथून बाहुलीच्या मापाची होऊन बाहेर येईल. ॲक्रिलिकवर इस्त्री मात्र फिरवू देऊ नकोस, एकदा फिरली की वीण कायमची लुळी पडते.

तशी लोकर आपल्या दारावरूनच जाते म्हण. दिवाळीनंतर धुळ्याकडचे ठेलारी मेंढरं घेऊन निघतात, रान मोकळं झालं की शेतकरी खतासाठी कळप शेतात बसवून घेतात. पण ती दख्खनी मेंढी, तिची लोकर भरड. तिची घोंगडी होते, आणि घोंगडीसारखं पांघरूण नाही. गळ्याला मात्र ती टोचते. कापसाचं म्हणशील तर आपल्या मुलखात कापूस काही कमी नाही, पण सुताला लोकरीसारखा ताण नसतो. सुताची कानटोपी चार दिवसांत सैल होऊन डोळ्यांवर येते.

आता कानटोपी. आधी 10 मिलिमीटरच्या सुईवर दहा-बारा टाक्यांचा छोटा तुकडा विणून चार इंचांत किती टाके येतात ते मोज. नऊ आले तर खालचे आकडे जसेच्या तसे घे. आठ आले तर तुझा हात सैल आहे, एक माप बारीक सुई घे. टोपी डोक्यापेक्षा दोन-एक इंच लहान विणायची, घातल्यावर ती ताणून बसते. 46 टाके घाल. टाके घालण्याआधी दोन मीटरचं शेपूट सोड. जाड लोकरीला प्रत्येक टाक्यामागे दीड-एक इंच दोरा जातो, आणि शेवटचे तीन टाके राहिले असताना दोरा संपला की सगळं काढून पुन्हा सुरुवात. पहिल्या ओळीत दोन सुलट, दोन उलट असं जाऊन शेवटी दोन सुलट येतील. परतीच्या ओळीत समोर जो टाका जसा दिसेल तसाच वीण. अशी अडीच इंच पट्टी झाली की एक ओळ सुलट, एक ओळ उलट, खालपासून सात इंच भरेपर्यंत.

मग टाळूकडे टाके कमी करत जायचं. ‘दोनाचा एक’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणायचे. एक सुलट, नंतर ‘दोन सुलट, दोनाचा एक’ असं अकरा वेळा, शेवटी एक सुलट. 35 टाके राहतील. पुढची ओळ सगळी उलट. मग एक सुलट, ‘एक सुलट, दोनाचा एक’ अकरा वेळा, एक सुलट. 24 राहिले. पुन्हा उलट ओळ. शेवटी सगळे दोनाचे एक, 12 उरतील. हातभर दोरा ठेवून तोड, मोठ्या डोळ्याच्या सुईत ओवून बाराही टाक्यांतून काढ, नाडी ओढावी तसा आवळ आणि त्याच दोऱ्यानं मागची शिवण घाल. शंभर-एक ग्रॅम लोकर लागते. गोंडा लावू नकोस. दादा तो पहिल्याच दिवशी कापून टाकतील.

गळ्याचा मफलर लांब विणायचाच नाही, गोलच करायचा. लोंबणारी टोकं मोटारसायकलच्या चाकात जातात, इंजिनच्या पट्ट्यात जातात, हे तुला मी सांगायला नको. 21 टाके घाल आणि प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट अशी वीण, प्रत्येक ओळीची सुरुवात सुलटनंच. टाके विषम असल्यामुळे सुलटवर उलट येत जातो आणि आपोआप साबुदाण्याची वीण पडते. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि तिच्या कडा वळत नाहीत. नुसती सुलट-उलट ओळींची पट्टी केलीस तर ती कडेनं सुरळी होऊन बसेल, कितीही इस्त्री फिरव. 25 इंच झालं की टाके बंद करून दोन्ही टोकं शीव. डोक्यातून जाईल, गळ्याशी बसेल. जाड विणीतून वारं मात्र आरपार जातं, हा तिचा दोष आहेच. म्हणून आतून जुन्या फलालीनचं अस्तर लाव. आईच्या जुन्या दुलईचा कपडा असेल तर उत्तम.

मधे लोकर संपली तर गाठ मारू नकोस, जाड लोकरीत गाठ मानेला टोचत राहते. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकं थोडी पिंजून एकमेकांवर ठेव, पाणी लावून दोन्ही तळव्यांत जोरात चोळ. ऊब आणि ओल मिळाली की धागे एकमेकांत गुंततात आणि जोड शोधूनही सापडत नाही. थुंकीनंही जमतं, पण तुझ्या सासूबाई समोर असताना पाणीच वापर. ॲक्रिलिकला हे जमत नाही. तिथे वीतभर दोन्ही दोरे एकत्र विणायचे आणि टोकं आत ओवायची.

काकूंचे हातमोजे सगळ्यात सोपे. लोकर जरा कमी जाड, सुई 6 मिलिमीटरची, 24 टाके, दोन सुलट दोन उलट, सात इंच. चौकोनच तो. दुमडून कडेनं शिवायचा आणि अंगठ्यापुरतं दोन इंच उघडं ठेवायचं. बोटं मोकळी राहिली की त्यांना माळही ओढता येईल आणि शेंगाही सोलता येतील. बोटांचे हातमोजे कोणी कितीही चांगले आणले तरी त्या घालणार नाहीत.

उरलेल्या लोकरीच्या कानपट्ट्या कर. सगळं सुलट, दहा टाके, 19 इंच लांब, टोकं जोडली की झाली. हळदीकुंकवाला वाण म्हणून याच वाटाव्यात असं माझं मत आहे. दर वर्षी प्लॅस्टिकचे डबे आणि वाट्या घेऊन घेऊन मांडणी भरली, आणि रथसप्तमीपर्यंत सकाळी दळण आणायला निघणाऱ्या बायकांचे कान गारच. सगळ्या आळीला पुरतील एवढ्या काही होणार नाहीत, पण चार-पाच जिवाभावाच्या बायकांपुरत्या तरी होतील.

धुण्याचं एवढंच, खरी लोकर कोमट पाण्यात रिठ्यानं धुवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सपाट पसरून सावलीत वाळवायची. दोरीवर टाकलीस तर टोपीची पिशवी होईल. हे तू आल्यावर वहिनीला स्वतः समजावून सांग, मी सांगितलं तर वाईट वाटतं.

मापं मी घेऊन आलेय. दादांनी रुमाल काढायला बरीच कुरकुर केली, पण डोकं 22 इंच भरलं. काकूंचा तळवा सात. लोकर घेतलीस की रंग कळव. पांढरा किंवा फिका घेऊ नकोस. मळ्यात केळीचा चीक लागतो आणि तो डाग काही केल्या निघत नाही.

तुझी,
उषा